कारलं बंद, एरंडेल बंद

मी चौथीत होते तेव्हा आमच्या चाळीतल्या एकूण एक पोराचं खाणं, झोपणं आणि पोट साफ होणं दीड-दोन महिने माझ्या हुकमावर चाललं होतं. हे मी फुशारकी मारायला सांगत नाही. म्हणजे थोडी फुशारकी आहेच, पण शिक्षाही तेवढीच भोगलेली आहे, त्यामुळे सांगायचा हक्क आहे असं मला वाटतं.

आमची चाळ अंधेरी पूर्वेला. पार्ल्याच्या बाजूने वारा आला की सगळ्या गॅलरीभर बिस्किटांचा वास सुटायचा आणि आम्हा पोरांना उगाचच भूक लागायची. शाळा दहा मिनिटांवर, दोन मजली, मराठी माध्यमाची, आणि आमच्याच कपड्यांसारखी जपून वापरलेली. पालकांना काही कळवायचं तर पत्रकं काढायला शाळेत यंत्र नव्हतं. पहिली-दुसरीच्या पोरांना फळ्यावरून उतरवून घेता यायचं नाही, आणि तोंडी निरोप दिला तर तो घरी पोचेपर्यंत वाटेतल्या गोट्यांमध्ये आणि बोरांमध्ये हरवायचा. म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एक पद्धत पाडली होती. प्रत्येक चाळीसाठी चौथीतलं एक चांगल्या अक्षराचं पोर निवडायचं आणि त्याला एक वही द्यायची. ती निरोपवही. तपकिरी कव्हर, वर चाळीचं नाव.

गुरुवारी शाळा सुटली की आम्ही सगळे निरोपे खालच्या हॉलमध्ये मांडी घालून बसायचो. समोरच्या भिंतीवर, पोरांचा हात पोचू नये म्हणून चांगल्या उंचीवर, सूचनाफळा होता. मोठ्या बाईंचा घसा बारा महिने बसलेला असायचा, त्यामुळे त्या स्टुलावर चढून मुकाट्याने लिहायच्या आणि मुकाट्याने उतरायच्या. आम्ही ते वहीत उतरवायचं, संध्याकाळी चाळीत वाचून दाखवायचं, प्रत्येक घरातून खाली सही किंवा अंगठा घ्यायचा आणि शुक्रवारी वही मोठ्या बाईंना दाखवायची. बाई सह्या मोजायच्या. वर काय लिहिलंय ते त्या वाचत नसत, कारण ते त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं. ही एवढी एकच फट त्या पद्धतीत होती, आणि तिच्यातून मी पूर्ण आत शिरले.

वही मला मिळाली होती, पण वाचायची आई. ते आपोआपच ठरलं. आई गावी सातवीपर्यंत शिकलेली, वर्गात पहिली येणारी, आणि मग लग्न होऊन मुंबईच्या दहा बाय बारात आलेली. घरात तिला कोणी काही विचारायचं ते एवढंच, की माझा टॉवेल कुठाय. पण गुरुवारी दुपारपासून ती गुणगुणायला लागायची. संध्याकाळी पाणी भरून झालं की तोंड धुवायची, कुंकू नीट करायची, पदर सारखा करायची आणि गॅलरीत आमच्या दारासमोर पाटावर बसायची. बायका तांदळाची ताटं घेऊन भोवती जमायच्या. आई वही उघडायची आणि तिचा आवाज बदलायचा. "सर्व पालकांना कळविण्यात येते की," हे तिने म्हटलं की ताटातली बोटं थांबायची. आठवड्यातला तो अर्धा तास आईचा होता. त्या अर्ध्या तासात तिच्याकडे बघायला मला इतकं आवडायचं, की काही झालं तरी ही वही आपल्या घरातून जाता कामा नये, एवढं एकच मी मनाशी घट्ट धरलं होतं.

पण मला फळा दिसत नव्हता.

खरं सांगते, मला दिसत नाही हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं सगळ्यांनाच तो असा दिसतो, काळ्यावर पांढरं पीठ सांडल्यासारखा, आणि बाकीची पोरं त्यावरून काय ते ओळखण्यात माझ्यापेक्षा हुशार आहेत. वर्गात प्रश्नच नव्हता, आमच्या बाई लिहिता लिहिता मोठ्याने बोलायच्या. हॉलमध्ये मात्र मी शेजारच्या मुलाच्या वहीत बघून लिहायचे. तो बाजूच्या चाळीचा निरोप्या. कोपर वहीवर आडवं टाकून लिहायचा, पण ओळीच्या शेवटी त्याला कोपर उचलावंच लागायचं. तेवढ्यात मी ओळ टिपायचे.

दिवाळीनंतर त्या कोपराला कांजिण्या झाल्या.

तो गुरुवार मला अजून आठवतो. शेजारी कोणी नाही, समोर पीठ सांडलेला फळा, बाकीच्यांच्या पेन्सिली खरडतायत. आईने सकाळीच नवीन ब्लाउजला हूक लावून ठेवला होता. मी विचार केला, सगळेच ओळखून लिहितात तर आपणही ओळखू. आणि लिहिलं, "सर्व पालकांना कळविण्यात येते की, उद्या शाळा नेहमीच्या वेळेला भरेल. मुलांना स्वच्छ करून पाठवावे. नखे बघावीत."

आईने ते अशा थाटात वाचलं, की जणू राज्यपालांकडून खलिता आलाय. समोरच्या खोलीतल्या काकी, ज्या मालवणच्या आणि ज्यांची दोन नातवंडं शाळेत होती, त्यांनी मान डोलावली. "शाळा म्हंजे शाळा! नखांपर्यंत लक्ष आसा." सगळ्यांनी सह्या केल्या, काकींनी अंगठा उठवला. शुक्रवारी बाईंनी सह्या मोजल्या आणि "शाब्बास" म्हणाल्या. आणि मला कळलं, हे तर सोप्पं आहे यार!

पुढच्या गुरुवारी कोपर परत आलं, पण आता मला त्याची गरज उरली नव्हती. सुट्टी, सभा, सहल असं काही तारखेचं असलं तर हॉलमधून बाहेर पडताना पोरं ते ओरडतच जायची, तेवढं मी ऐकून बरोब्बर लिहायचे. बाकी ओळींचं मात्र मी बघून घ्यायचे. एक अक्कल मला होती. शाळेत काही आणायचं किंवा करायचं लिहायचं नाही, जे करायचं ते घरातच. म्हणजे बोभाटा नको. मोठ्या बाईंना मुलांच्या तब्येतीची फार काळजी, हे सगळ्या चाळीला माहीत होतं. त्या कधी उवांवर लिहायच्या, कधी जंतांवर, कधी पाणी उकळण्यावर. तेव्हा मीही तब्येतीवरच भर दिला.

"कारल्याने मुलांच्या अंगात उष्णता वाढते. कारले देऊ नये."

काकी ताडकन उठून बसल्या. "तरीच! आमचो घोव जल्मभर कारली खाता, म्हणान असो तापलेलो आसता!" त्या आठवड्यात चाळीत एकाही घरी कारलं शिजलं नाही. पोरं जेवायला बसताना आनंदाने ताट वाजवत होती आणि मला कोणाला सांगताही येत नव्हतं, की हे मी केलंय.

मग मी एरंडेलाला हात घातला. त्या काळात रविवार सकाळ म्हणजे एरंडेल, हा चाळीचा कायदा होता. नाक दाबायचं, तोंड उघडायचं, आणि उरलेला रविवार संडासाच्या रांगेत. मी लिहिलं, "दर रविवारी एरंडेल देऊ नये. आतडी दमतात. त्याऐवजी पिकलेले केळे द्यावे. केळे नसल्यास शेवबुंदी चालेल."

कोपऱ्यातल्या खोलीत एक मावशी राहायच्या. त्या मूळच्या जालन्याकडच्या, हॉस्पिटलात आया होत्या, आणि औषधपाण्यात चाळ त्यांचा शब्द मानायची. त्यांच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि खाली मुलीच्या पुस्तकांची चळत, एकही पान न दुमडलेली. त्यांनी कपाळाला आठी घातली. "शेवबुंदी? आमचे मोठे डॉक्टर असं कधी म्हनले न्हाईत बाई."

पण आई शांतपणे म्हणाली, "मावशी, तुमचे डॉक्टर मोठ्या माणसांचे. हे लहान मुलांचं आहे." आणि बोट ओळीवर ठेवून तीच ओळ पुन्हा, आणखी मोठ्या आवाजात वाचली. मावशींनी सही केली. आईचा असा विजय मी आधी कधी पाहिला नव्हता. मला इतका अभिमान वाटला, की त्याखाली खोटं आहे हे मी पार विसरून गेले.

त्या रविवारी चाळीत जे झालं त्याला दिवाळी म्हणतात. पोरं सकाळी आठला केळं हातात घेऊन गॅलरीत नाचत होती. काकींचा धाकटा नातू, जो शाळेच्या नावाने रोज रडायचा, तो रविवारी दप्तर पाठीला लावून जिन्यात जाऊन बसला. शाळा आज का नाही म्हणून रडला.

एकदा अंगात आलं की थांबतं कोण? मी लिहीत सुटले. मुलांना रात्री गोष्ट सांगावी, झोप चांगली लागते. मुलांच्या पाठीवरून हात फिरवावा, उंची वाढते. गणित चुकल्यास मारू नये, मेंदू आखडतो. आणि मग माझा सगळ्यात झकास हुकूम, "रोज संध्याकाळी सात वाजता घरातील सर्वांनी पाच मिनिटे मोठ्याने हसावे. हसण्याने रक्त वाढते."

बाबा मरोळच्या कंपनीत होते, पहिल्या पाळीचे, शब्दांचे कंजूष. ते म्हणाले, "कशावर हसायचं?" आई म्हणाली, "ते लिहिलेलं नाही. नुसतं हसा." सात वाजले. सगळे आपापल्या दारात उभे राहिले, आणि बाबा हसले. म्हणजे त्यांनी तोंड उघडून हा, हा, हा असं तीनदा म्हटलं, हजेरी दिल्यासारखं. ते ऐकून आई खरंच हसली. आई हसली म्हणून काकी हसल्या, काकी हसल्या म्हणून त्यांचा तो तापलेला घोव हसला, आणि मग सगळी चाळ कठडे धरून, डोळे पुसत, पोट दाबत हसायला लागली. बाजूच्या चाळीतून एक माणूस धावत आला आणि विचारू लागला, "काय झालं? लॉटरी लागली काय?" शेवटी तोही हसायला लागला. मावशीसुद्धा ड्युटीची पिशवी खाली ठेवून हसल्या आणि म्हणाल्या, "हे मातर खरं असेल."

हे असंच चालू राहिलं असतं. पण जानेवारीतल्या एका गुरुवारी फळ्यावर नेहमीपेक्षा जास्त पीठ दिसलं, आणि त्याखाली एक जाड रेघ. रेघ म्हणजे महत्त्वाचं. हॉलमधून निघताना पोरं ओरडली, "शनिवारी आठला आया येणार! शनिवारी आया येणार!" एवढं मला पुरलं. आया शाळेत येणार म्हणजे कार्यक्रम असणार, आणि कार्यक्रम म्हणजे नटणं आलंच. ह्या वेळेस मी लबाडी केली नाही, अगदी प्रामाणिकपणे अंदाज केला, आणि त्यातच माझी वाट लागली.

"शनिवारी सकाळी आठ वाजता मुलांसह आयांनी शाळेत यावे. मुलांना सणाचे कपडे घालावेत. डोळ्यांत काजळ भरपूर घालावे. आयांनीही नटून यावे. एक गोड पदार्थ आणावा."

शनिवारी आमची चाळ निघाली ती वरातच. आईने लग्नातला शालू काढला होता, डांबरगोळ्यांच्या वासासकट. काकी नऊवारीत, नाकात नथ. मावशींनी बदली रजा घेऊन पांढरीशुभ्र इस्त्रीची साडी नेसली होती आणि केसांत गजरा माळला होता, जो मी त्यांच्या डोक्यात कधीच पाहिला नव्हता. पोरं जरीच्या टोप्यांत, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत काजळ, हात आखडता न घेता घातलेलं. दूध केंद्रावरच्या रांगेने वळून बघितलं. आई सगळ्यांच्या पुढे चालत होती, हातात नारळीपाकाच्या वड्यांचा डबा.

शाळेच्या हॉलमध्ये शिरलो आणि आई थबकली. बाकीच्या चाळींतल्या बायका रोजच्या साड्यांत, ओळीने बाकांवर बसल्या होत्या. पोरं गणवेशात. समोर पांढऱ्या कोटातले एक डॉक्टर, टेबलावर कापसाचं बंडल आणि थेंबांची बाटली, आणि भिंतीवर एक तक्ता. वरच्या फळ्यावर खरा निरोप अजून तसाच होता, आणि तो आईने दारातूनच वाचला. शनिवारी सकाळी आठ वाजता सर्व मुलांच्या डोळ्यांची तपासणी आहे. आईने सोबत यावे. मुले गणवेशात असावीत. आणि जाड रेघेवर, डोळ्यांत काजळ घालू नये.

डॉक्टरांनी आमच्या पोरांकडे पाहिलं. ती अकरा-बारा पोरं काळे डोळे वटारून त्यांच्याकडे पाहत होती. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ही कुठली पलटण?" ते म्हणाले. मग कापूस ओला करून पुसायला बसले. एक पोर पुसलं की कापसाचा एक काळा गोळा. अर्धं बंडल संपलं. काकींचा नातू पुसताना एवढा हलला, की काजळ कानापर्यंत गेलं.

मोठ्या बाईंनी बसलेल्या घशातून कसंबसं म्हटलं, "वही आणा."

मी वही दिली. त्या उभ्या राहून वाचू लागल्या. पहिलं पान, दुसरं पान. त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा मला वाटलं त्या रडतायत. मग त्यांनी आईकडे बघितलं. "हे सगळं चाळीत वाचलंत तुम्ही?"

आईचा चेहरा कुंकवासारखा लाल झाला होता. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. ती म्हणाली, "वाचलं. मोठ्याने वाचलं." आणि शालूचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकीकडे तीस-चाळीस बायका, आणि एकीकडे आई, लग्नातल्या शालूत.

"आधी हिलाच तपासा," मोठ्या बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला फरशीवर आखलेल्या रेघेवर उभं केलं आणि छडीने तक्त्यावर दाखवलं. "वाच." मला तिथे पांढरा कागद दिसला, त्यावर मुंग्या. पण दिसत नाही म्हणायची माझी सवयच गेली होती. मी छाती पुढे काढून म्हटलं, "मुलांनी रोज सकाळी उठून..."

डॉक्टरांची छडी खाली आली. "अगं, तिथे नुसती अक्षरं आहेत. एकेक सुटं अक्षर."

"मग क," मी म्हटलं.

"कुठलं क? सगळ्यात वर केवढं मोठं आहे ते तरी सांग."

मी डोळे बारीक केले, मान वाकडी केली, आणि शेवटी विचारलं, "बाकीच्यांना ते खरंच दिसतं?"

डॉक्टर मोठ्या बाईंना म्हणाले, "बाई, हिला फळा दिसतच नसणार. हिने काय लिहायचं होतं?"

आईने डबा खाली ठेवला. माझ्यापाशी आली, आधी पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि मग माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "मी दिसते का गं तुला?" तिने विचारलं. तिचा आवाज वाचनाचाही नव्हता आणि रोजचाही नव्हता.

"जवळ आलीस की दिसतेस," मी म्हटलं. आई खाली बसली, शालूसकट, फरशीवर, आणि मला मिठी मारून रडली. मीही भोकाड पसरलं. नारळाच्या वड्या शेवटी डॉक्टरांनी आणि मोठ्या बाईंनी खाल्ल्या, एवढं मला मिठीतूनसुद्धा दिसलं.

चाळीत परतताना नुसता बांगड्यांचा आवाज. दुसऱ्या दिवशी रविवार होता. एरंडेल परत आलं, आणि मागची बाकी म्हणून प्रत्येक पोराला दोन-दोन चमचे. सोमवारी कारलं. पोरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ते मी सोसलं. पण गुरुवारी संध्याकाळी आईने दार लावून घेतलं, ते मला सोसवेना.

मोठ्या बाईंनी वही काढून घेतली नव्हती, नुसती ठेवून घेतली होती, चष्मा येईपर्यंत. तोवर मावशीच ड्युटीवरून येता येता शाळेत जाऊन निरोप विचारून यायच्या आणि जिन्यात उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगून टाकायच्या. आई आत स्टोव्हशी. "माझ्या तोंडून खोटं गेलं," ती बाबांना म्हणाली. "आता कुठल्या तोंडाने वाचू?" बाबा शब्दांचे कंजूष. त्यांनी सात वाजता दारात उभं राहून एकट्यानेच तीनदा हा, हा, हा केलं. आई हसली नाही.

मग चष्मा आला. काळा, जाड, कानावर टोचणारा. दुकानातून बाहेर पडले आणि रस्त्यातच ओरडले. झाडाला पानं होती, म्हणजे वेगवेगळी, एकेक! समोरच्या गच्चीवरचा राखी डाग म्हणजे कबुतरं निघाली. बसचा नंबर बस येण्याआधी दिसत होता! मी आईचा हात धरून दिसेल ते वाचत सुटले, लॉन्ड्री, पिठाची गिरणी, जाहिरात लावू नये, थुंकू नये. आई म्हणाली, "पुरे गं, लोक बघतायत." "हो, मला दिसतायत," मी म्हटलं.

गुरुवारी मोठ्या बाईंनी वही परत दिली. "आता फक्त उतरवायचं," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "कल्पना पुरे." फळ्यावरचं अक्षर न् अक्षर स्वच्छ होतं, आणि काय सांगू, केवढं नीरस! पाणी उकळून गाळून द्यावे. सोमवारी शाळेत डोस पाजणार आहेत, मुलांना काही खाऊ घालून पाठवावे. वह्यांना कव्हरे घालावीत. तीन ओळी. मी त्या काना-मात्रेसकट उतरवल्या आणि घरी आले. आईपुढे वही धरली. तिने ती घेतली नाही. दार आधीच लावलेलं होतं.

थोड्या वेळाने बाहेर ताट ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरं ताट. मग काकींचा आवाज, "गो, भायर ये. आमी कवाची बसलंव. ह्या खेपेक काय खावचा नाय, ता तरी सांग!"

आई स्टोव्हला पंप मारत राहिली. मग मावशी म्हणाल्या, "या की बाई. मी जिन्यात सांगते त्याला काय चव हाय? कानाला तुमची सवय लागलीया. आन् एक सांगते, त्या हसन्यानं आमच्या पोरीचं परीक्षेच्या भ्यानं रडनं थांबलं. ते कुनी का लिवलं असंना."

आईने तोंड धुतलं. कुंकू नीट केलं. पदर सारखा केला. दार उघडून पाटावर बसली आणि वहीसाठी माझ्याकडे हात केला. मी दारातच उभी राहिले, चष्मा घालून.

"सर्व पालकांना कळविण्यात येते की," आई म्हणाली, आणि तांदळातली बोटं थांबली. तिने पाणी वाचलं, डोस वाचला, कव्हरं वाचली. सावकाश, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. बायकांनी माना डोलावल्या. काकी अंगठ्यासाठी शाईची डबी उघडू लागल्या.

पण आईने वही मिटली नाही. बोट खाली सरकवलं, घसा खाकरला, आणि त्याच आवाजात पुढे वाचलं, "तसेच, येत्या रविवारी दुपारी सर्व आयांनी दोन तास झोपावे. आईची झोप झाली की मुलांची तब्येत सुधारते. त्या दिवशीचा चहा घरातील पुरुषांनी करावा."

मी चष्मा नाकावर घट्ट दाबला. तिच्या मांडीवरचं पान मला दारातून लख्ख दिसत होतं. माझ्या तीन ओळी होत्या, आणि त्यांच्याखाली कोरं.

मावशींनी आईकडे बघितलं. आईने पानावरून नजर उचलली नाही. मावशींनी मान हलवली. "हे मातर आमचे मोठे डॉक्टर बी म्हनतात," त्या म्हणाल्या, आणि पहिली सही त्यांनी केली. मागोमाग काकींचा अंगठा, मागोमाग सगळ्यांच्या सह्या.

त्या रविवारी आमच्या चाळीत चहा अगदी पांचट झाला होता. आई चार वाजता उठली, बाबांनी पुढे केलेला कप घेतला, आणि आणखी अर्धा मागितला.